सव्वा मूठ गहू

लग्नानंतरची पहिली दिवाळी येऊन गेली तरी यशोदेनं नवऱ्याकडे धड पाहिलं नव्हतं. पाहायची सोयच नव्हती. रावेरचं ते घर माणसांनी भरलेलं. निंबाभाऊ उजाडायच्या आत घराबाहेर पडत, दिवे लागले की परत येत, आणि जेवायला बसले की मान खाली घालून जेवत. त्यांचा चेहरा तिला पुरता ठाऊक नव्हता.

यशोदा धुळ्याकडची, शिरपूर तालुक्यातल्या एका खेड्यातली. माहेरची अहिराणी तिच्या तोंडात मुरलेली. रावेरची बोली निराळी, तिथे 'शे'ला 'हाये' म्हणत. ती सहज म्हणायची, "पाणी गरम शे," आणि माजघरात खसखस पिकायची. सासू पदराआड हसे, नणंदा उघड हसत. धाकटी नणंद तर तिला 'शेबाई' अशीच हाक मारी. हळूहळू यशोदा बोलेनाशीच झाली. विचारलं तर मान हलवायची, नाहीतर चुलीकडे तोंड करून बसायची.

एकदा संध्याकाळी पुरुषांची पंगत बसली होती. थोरले दीर तोताराम यांना थट्टेची हुक्की आली. यशोदेनं ताटात भाकरी टाकली तसं ते मोठ्यानं म्हणाले, "काय निंबा, तुह्या धुळेवालीची भाकर कशी हाये?"

नणंदा दाराशी हसायच्या तयारीत उभ्या राहिल्या. निंबाभाऊंनी घास गिळला आणि मान वर न करता सांगितलं, "चांगली शे."

कुणी हसलं नाही. निंबाभाऊंनी ताट थोडं पुढे सरकवलं. "अजून एक वाढ. गरम शे का?"

सासरे खोकल्याचं निमित्त करून हसले. यशोदेनं त्या दिवशी पहिल्यांदा नवऱ्याचा चेहरा नीट पाहिला. रुंद कपाळ, कानाजवळ एक तीळ, आणि आपण काही विशेष केलंय याचा मागमूस नाही. ही गोष्ट साठ सालच्या आसपासची.

निंबाभाऊ धंद्यानं मापाडी. रावेरची केळी तेव्हा रेल्वेच्या वॅगनी भरून दिल्लीला जात. त्याआधी बागेच्या बांधावर तीन बल्ल्यांना काटा टांगला जाई आणि घड तोलले जात. एका बाजूला शेतकरी, दुसऱ्या बाजूला व्यापाऱ्याचा माणूस. दोघांचेही हात नकळत पारड्याकडे जात, एकाचे खाली दाबायला, दुसऱ्याचे वर उचलायला. निंबाभाऊ गरजत, "हात मागं!" आणि काटा आपसूक थांबेपर्यंत वजन पुकारत नसत.

"निंबाभाऊ, तुमचा काटा थांबेपर्यंत केळी पिकून जातील," व्यापाऱ्याचा माणूस वैतागून म्हणे.

"मग पिकलेली खा," निंबाभाऊ म्हणत.

एवढंच काय ते बोलणं. घरी तर त्याहून कमी. यशोदा माहेरी गेली की आईजवळ तक्रार करी, "माणूस चांगला शे वं माय, पन बोलाले काय पैसा पडस त्यास्ले?"

वर्षं गेली. सासू-सासरे गेले, नणंदा आपापल्या घरी गेल्या. तोताराम आता आबा झाले. दोघा भावांच्या चुली वेगळ्या झाल्या, पण अंगण एकच राहिलं. यशोदेचा रतिलाल जळगावला नोकरीला लागला, त्याचं लग्न झालं. यशोदा रावेरच्या बोलीत रुळली. मात्र रागावली, घाबरली किंवा फार हसली, की अहिराणीच तोंडात येई.

सन अठ्ठ्याऐंशीचा पावसाळा असेल. यशोदा पन्नाशीच्या उंबऱ्यावर होती. पाळी जाऊन दोनतीन वर्षं झाली होती, आणि एके दिवशी पुन्हा रक्त दिसलं. तिनं थोरल्या जावेला, बेबाबाईला सांगितलं.

"जाता जाता पाळी आसेच झोके देते," बेबाबाई म्हणाली. "मले बी झालं व्हतं. बस बाजूला."

त्या घरात अजून विटाळ पाळत. यशोदा ओसरीच्या कोपऱ्यात बसली. चुलीला शिवायचं नाही, पाण्याला हात लावायचा नाही. अशा दिवसांत निंबाभाऊ स्वतः स्वयंपाक करत. त्यांच्या भाकरी जाड आणि कडेला कच्च्या असत. ताट वाढून ते तिच्यासमोर ठेवत आणि निघून जात.

रक्त थांबलं. थोड्या दिवसांनी पुन्हा दिसलं. मग पुन्हा. कधी एकच दिवस, कधी आठवडाभर. ती मुकाट्यानं कोपऱ्यात जाऊन बसे. बेबाबाई काढा करून देई. अंगणातल्या बायका म्हणत, "थांबेल, थांबेल." चुकीचं कुणाला काही वाटलं नाही. बाईच्या अंगावरून रक्त जातंय म्हणजे ते एकाच वाटेचं, हे सगळ्यांनी धरून चाललं होतं, आणि यशोदेनंही.

निंबाभाऊ मात्र ताट ठेवून जाताना थबकू लागले. पोळ्याच्या आधी ती बाजूला बसली होती. पोळा झाला, पुन्हा बसली. ओसरीवरून उठून ती सारखी परसात जाई, येताना ओटीपोटावर हात असे, ओठ आवळलेले असत. एका दुपारी ताट ठेवल्यावर ते गेलेच नाहीत. तिच्यापासून हातभर अंतरावर बसले.

"एक विचारू का?"

"विचारा ना."

"हे जे जाते... ते कुठून जाते?"

यशोदेच्या हातातला घास खाली पडला. "काय बोली राहिनात तुम्ही! वय काय, इषय काय!"

"लाज मले बी वाटते. पण सांग. लघवीच्या जागेतून का पाळीच्या?"

तिनं पदर तोंडावर ओढून घेतला. तीस वर्षांच्या संसारात नवऱ्यानं असलं काही विचारलं नव्हतं. नवऱ्यानंच काय, आईनंही नाही. "मी काय वाकीसन पाही राहिनू का?"

"पाह्य," निंबाभाऊ म्हणाले. "आता जाशील तवा पाह्य. मी अंगणात बसतो."

ती परसात जाऊन आली तेव्हा तिच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता. "लघवीच लाल शे," ती हळूच म्हणाली.

निंबाभाऊंनी उठून तिच्यापुढे पाण्याचा तांब्या धरला. "मग हा विटाळ नाही. हात धू, घरात ये. उद्या जळगावले जाऊ."

जळगावच्या डॉक्टरांनी लघवीच्या वाटेनं दुर्बीण घालून आत पाहिलं. आतला एक तुकडा तपासायला मुंबईला पाठवला. दिवाळी झाल्यावर उत्तर आलं. ते ऐकायला जायचं म्हणून आबाही बरोबर निघाले. घरातलं थोरलं माणूस नको का?

डॉक्टरांच्या टेबलासमोर दोन खुर्च्या होत्या आणि दाराशी एक स्टूल. आबा आणि निंबाभाऊ खुर्च्यांवर बसले, यशोदा स्टुलावर. डॉक्टर चष्मा पुसत आबांकडे झुकले. "पेशंटला जरा बाहेर बसवू या का?"

निंबाभाऊ उठले. यशोदेच्या दंडाला धरून त्यांनी तिला आपल्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः मागे उभे राहिले. "डॉक्टरसाहेब, पोट तिचं आहे. तिच्याकडे पाहून सांगा."

आबांनी कपाळाला आठ्या घातल्या. डॉक्टर म्हणाले, "बरोबर आहे तुमचं." त्यांनी एक कोरा कागद ओढला, चित्र काढलं, आणि त्यानंतर अखेरपर्यंत ते यशोदेशीच बोलले.

लघवीच्या पिशवीत कर्करोगाची गाठ होती. ती पिशवीच्या भिंतीत खोल गेली होती. पुढे दोन वाटा होत्या. एक म्हणजे मुंबईला मोठं ऑपरेशन. त्यात लघवीची पिशवी काढायची, तिच्याबरोबर गर्भपिशवीही. मग आतड्याच्या एका तुकड्याची नळी करून तिचं तोंड पोटावर आणायचं. लघवी तिथून बाहेर येणार आणि ती झेलायला पोटावर एक पिशवी चिकटवायची, जन्मभर. दुसरी वाट म्हणजे नुसता शेक, मशीनमधून. त्यात अंगाला कुठे चीर नाही, लघवीची वाट आहे तशी राहणार. पण गाठ पुन्हा उठायची भीती जास्त.

"तुम्ही काय केलं असतं, साहेब?" यशोदेनं विचारलं.

"माझ्या अनुभवात ऑपरेशनला आशा जास्त. पण ते सोपं नाही, आणि पिशवी सांभाळायची तुम्हाला आहे. फार दिवस घालवू नका. आजच सांगितलं पाहिजे असंही नाही."

परतताना बसमध्ये आबांनी निकाल देऊन टाकला. "शेक घ्यायचा. ठरलं. आन् रोटाचं काय मग?"

त्यांच्या मनात कानबाई होती. खानदेशात श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई घरात बसते आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर जाते. त्या दिवसासाठी कुळातल्या पुरुषागणिक सव्वा मूठ गहू काढायचे, घरीच दळायचे, आणि सोवळ्यानं त्यांचे रोट, म्हणजे जाड पोळ्या, भाजायचे. ते कुळातल्यांनीच खायचे. भाऊबंदकीतली माणसं कुठेकुठे नोकरीला असली तरी त्या दिवशी गावी येतात. सासूच्या मागे रोट भाजायचा मान यशोदेकडे आला होता. बेबाबाई थोरली खरी, पण तिच्या हातचे रोट नेमाने करपत.

"पोटाले मुताची पिशवी बांधून ती देवीच्या चुलीपाशी बसेल काय?" आबा म्हणाले.

"आबा, रोटाचं श्रावणात पाहू," निंबाभाऊ म्हणाले. "आता तिले विचारू."

"बायकोले काय विचारतो? तू नवरा हायेस का पाव्हना?" आबांचा आवाज चढला. पुढच्या बाकावरची माणसं वळून पाहू लागली. "काट्यावर लोकांले हात मागं, हात मागं म्हणता म्हणता यानं सोताचेच हात मागं घेतले!"

निंबाभाऊ खिडकीबाहेर पाहत राहिले. यशोदेला तो टोला आत कुठेतरी लागला, कारण तिलाही तेच वाटत होतं.

घरी आल्यावर तिनं सरळ विचारलं, "तुम्ही सांगा. तुम्ही सांगशात तसं मी करसू."

"मी नाही सांगणार."

"काब्र?"

ते उठून ओसरीवर गेले. यशोदेच्या मनात नको तो विचार येऊन बसला. उद्या आपलं काही बरंवाईट झालं तर ते स्वतःच्या माथी नको, म्हणून हा माणूस अंग काढून घेतोय. इतकी वर्षं ज्याच्या शब्दाबाहेर गेलो नाही, त्यानं ऐन वेळी शब्दच देऊ नये? ती त्यांच्यापुढे ताट आदळून ठेवू लागली. निंबाभाऊ आदळलेलं ताट ओढून घेत आणि मुकाट्यानं जेवत.

पण ते स्वस्थ बसले नव्हते. कामातून सवड काढून जळगावला जात, डॉक्टरांना गाठत, दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या माणसांशी बोलत. परत आले की यशोदेसमोर बसून सगळं सांगत. शेक घेतलेली यावलची एक बाई आहे, दोन वर्षं झाली, चांगली हिंडतेफिरते. शेक घेतलेला दुसरा एक जण, त्याची गाठ परत उठली. ऑपरेशन झालेला एक भुसावळचा माणूस पुन्हा कामावर जायला लागला. दुसऱ्याचं काळीज ऑपरेशनच्या टेबलावरच थांबलं. चांगलं असो, वाईट असो, आवाज एकच. कुठे जोर नाही, कुठे हात नाही.

यशोदा एकदा भडकलीच. "रेडिओ शेत तुम्ही, रेडिओ! बातम्या सांगी राहिनात!"

निंबाभाऊंना हसू आलं, पण ते त्यांनी आवरलं. "अजून एक बातमी आहे. धुळ्याला एक बाई आहे, ऑपरेशन झालेली. पिशवी आहे तिले. डॉक्टरांनी तिले विचारलं, ती म्हणते खुशाल या. पाहून येऊ का? मग तुले काय ठरवायचं ते ठरव."

यशोदा गेली ती मनाविरुद्धच. अंधाऱ्या खोलीत खाटेवर पडलेली, कण्हणारी बाई तिच्या डोळ्यांपुढे होती. धुळ्यात मणियारांच्या गल्लीत निंबाभाऊंनी एका घराची कडी वाजवली. दार उघडलं ते एका ठेंगण्या, धडधाकट बाईनं. कमरेवर बांगड्यांची टोपली. नुकतीच खेड्यांवरची फेरी संपवून आली होती.

"तुम्हीच का रावेरन्या?" ती यशोदेला म्हणाली. "या, या. ओ, ऐकतस का, पाव्हना उनात! पाणी आना!"

तिच्या तोंडची अहिराणी ऐकली आणि यशोदेच्या छातीवरचं ओझं निम्मं उतरलं. बाईचं नाव मदिना. नवरा सत्तार पाणी घेऊन आला आणि निंबाभाऊंना घेऊन ओट्यावर बसला. मदिनेनं यशोदेला आतल्या खोलीत नेलं, दार लोटलं आणि आढेवेढे न घेता पदर बाजूला सारला.

"पाही ले. हाई शे बठ्ठी भानगड."

लुगड्याच्या निऱ्यांच्या बाजूला एक चपटी पिशवी होती. तिच्यावर उरल्यासुरल्या फुलाफुलांच्या कापडाची खोळ शिवलेली.

"इतलीशी?" यशोदेच्या तोंडून निघून गेलं.

"मंग काय हंडा बांधू का पोटले?"

दोघी हसल्या. मग यशोदेनं जे कुणाला विचारता येत नव्हतं ते सगळं विचारलं. वास येतो का? झोपताना काय करता? गळते का? मदिनेनं काही लपवलं नाही. पहिले महिने ती रोज रडली होती. कातडी सोलवटली होती. एकदा तर एका लग्नघरात भर मांडवात पिशवी सुटली.

"नवरीना हात मन्हा हातमा, आनि खाले धार! मी म्हनं, अय बाई, कोनी पाणी सांडं इठे? बठ्ठ्या बाया खाले पाहाले लागन्यात, तवलोंग मी पसार!"

यशोदा पोट धरून हसली. मग तिनं शेवटचं विचारलं. "देवधरमनं कसं करतस? चालस का देवले?"

मदिना टोपलीतल्या बांगड्या सारख्या करत म्हणाली, "मी मौलवीस्ले इचारं. त्या बोलनात, दुखणं अल्लाले माहीत शे. वजू कर, नमाज पढ." तिनं वर पाहिलं. "तुमना देव आमना देवथून कडक शे का?"

यशोदेचं मन तिथेच ठरलं. अशी टोपली कमरेवर घेऊन आपणही हिंडू शकतो, हे तिला दिसलं होतं.

एवढ्यात लोटलेल्या दारापलीकडून आवाज आले. सत्तार विचारत होता, "भाऊ, तुम्हाला काय वाटतं?"

"मले?" निंबाभाऊंचा आवाज. "मले तं ऑपरेशनच पाहिजे. उठता बसता तेच म्हणतो मनात. ती राह्यली पाहिजे. मग पिशवी लागो का पोतं लागो."

"मग सांगत का नाही तिला?"

"मी एक शब्द बोललो का ती हो म्हणेल. तीस वर्षं तिनं तेच केलं. पण मग ती पिशवी माझी होईल, भाऊ. जन्मभर माझ्यासाठी बांधल्यावानी बांधेल. तिची तिनं घेतली तरच तिले पेलेल."

यशोदा पदराचं टोक मुठीत धरून उभी राहिली. मदिनेनंही ऐकलं होतं. ती हळूच म्हणाली, "तुना नवरा लई बोलस वं."

"नही वं," यशोदा डोळे पुसत हसली. "कधीच बोलत नहीत."

बसस्टँडवर गाडीची वाट पाहताना निंबाभाऊ शेंगदाण्यांचा पुडा घेऊन आले. यशोदेनं दाणे हातात घेतले आणि सांगितलं, "मी ऑपरेशन करसू."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "पक्कं?"

"पक्कं. काटा थांबना. पुकारा आते."

निंबाभाऊंनी मान दुसरीकडे वळवली आणि बराच वेळ शिरपूरकडे जाणाऱ्या गाड्या पाहत राहिले. ओट्यावरचं बोलणं आपण ऐकलं, हे यशोदेनं त्यांना सांगितलं नाही. आबांच्या टोल्यानं मनात रुतलेला काटा निघून गेला होता, एवढं मात्र खरं. हा माणूस मागे सरला नव्हता. तो आपला सगळा जोर लावून हात मागे धरून उभा होता.

हिवाळ्याच्या अखेरीस मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. निंबाभाऊ तिच्याजवळ राहिले. पिशवी कशी काढायची, पोटाची जागा कशी धुवायची, नवी कशी चिकटवायची, हे शिकवायला नर्स आली तेव्हा तिनं विचारलं, "यांच्याबरोबर बाईमाणूस कोण आहे?"

"मीच आहे," निंबाभाऊ म्हणाले. "दाखवा."

शेजारच्या खाटेवरची बाई तोंडाला पदर लावून पाहत होती. निंबाभाऊंनी बाह्या सारल्या, साबणानं हात धुतले आणि केळीचा घड उतरवावा तितक्या अलगद ती पिशवी उतरवली. यशोदेला पहिले काही दिवस स्वतःच्या पोटाकडे पाहवत नव्हतं. ती छताकडे पाहत पडून राही आणि ते काम करत. मग एका सकाळी त्यांनी नवी पिशवी तिच्या हातात दिली. "आता तू. मी बसलो इथं."

पहिली वाकडी बसली. दुसरी नीट बसली.

होळीला ती दोघं रावेरला परतली. उन्हाळा सरला, पाऊस झाला, श्रावण आला. यशोदा घरचं सगळं करू लागली होती. बेबाबाई तिच्या पिशवीच्या खोळी आपल्या दोरीवर वाळत घालू देई, कुणी विचारलं तर सांगे, "उशीचे अभ्रे हायेत, नातवाचे." फक्त रोटांचा विषय कुणी काढत नव्हतं.

कानबाईच्या आदल्या दिवशी भाऊबंद जमले. रतिलाल जळगावहून बायकोला घेऊन आला. देवघरापुढे सूप मांडलं. रीत अशी की, ज्यानं त्यानं आपल्या हातानं सव्वा मूठ गहू सुपात टाकायचे, जे आले नसतील त्यांची मूठ थोरल्यानं टाकायची. आबा पाटावर बसले, आणि सुरू करण्याआधी कुणाकडेही न पाहता म्हणाले, "यंदा रोट बेबा भाजेल. यशोदाले आराम पाहिजे."

आवाज मायेचा होता. अर्थ सगळ्यांना कळला. यशोदा दाराआड उभी होती. तिनं मनाची तयारी आधीच केली होती. जेठापुढे, म्हणजे थोरल्या दिरापुढे, तोंड उघडायचं नाही हे अंगवळणी पडलेलं. जीव वाचला, आता एक मान गेला तर गेला, असं ती स्वतःला समजावत होती. पण पाय मात्र दारातून हलत नव्हते.

आबांनी मूठ टाकली. चुलत दिरांनी टाकली. निंबाभाऊंची पाळी आली. ते उभेच राहिले.

"टाक ना."

"माझी मूठ नको."

"काय म्हणतो?"

"ती चुलीपाशी नाही, तर माझी मूठ सुपात नाही."

आबा पाटावरून अर्धवट उठले. "शुद्धीवर हायेस का? जित्या माणसाची मूठ गाळतात काय? मेलेल्याची गाळतात!"

"म्हणूनच सांगतो," निंबाभाऊ म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण घरातल्या शेवटच्या माणसापर्यंत तो पोहोचला. "मी जिता आहे, ती बी जिती आहे. ती जिती राह्यली पाहिजे म्हणून मी मुंबईले गेलो. घरात आणून मेल्यात काढायले नाही गेलो."

एवढं बोलताना त्यांना कुणी कधी ऐकलं नव्हतं. रतिलालनं पुढे केलेली मूठ तशीच मागे घेतली आणि बापाशेजारी येऊन उभा राहिला.

"देवीले चालेल काय?" आबांनी विचारलं. पण त्यात आता जोर नव्हता. म्हातारा खरोखरच घाबरला होता.

आणि यशोदा दाराआडून पुढे आली. डोक्यावरचा पदर सारखा करून ती जन्मात पहिल्यांदा जेठाशी बोलली, आणि तोंडात आली ती माहेरचीच भाषा. "आबा, कानबाई बी बाईच शे. बाईनं पोट तिले माहीत शे."

बेबाबाई मागून करवादली, "बसू द्या वं तिले! माह्या हातचे नेहमी करपतात, ते चालते देवीले?"

कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. आबा पाटावर बसले आणि सुपाकडे बोट करून म्हणाले, "टाक रे बापा, टाक. जात्यावर बसायले उशीर होते."

निंबाभाऊंनी मूठ भरून गहू टाकले, वर पाव मूठ टाकले, आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं बाजूला झाले. यशोदा अंघोळ करून, नवी पिशवी लावून, धुतलेलं लुगडं नेसून चुलीपाशी बसली. धुरानं तिचे डोळे भरून येत होते. पलीकडे ओसरीवर पुरुष गप्पा मारत होते आणि त्यात निंबाभाऊंचा आवाज नव्हता. ते खांबाला टेकून ऐकत बसले असणार, हे तिला न पाहता ठाऊक होतं. माहेरच्या बायका, रावेरच्या बायका, मुंबईच्या दवाखान्यातल्या बायका, तिनं पुष्कळ पाहिल्या होत्या. यातल्या एकीलाही असा नवरा मिळालेला नाही, असं तिच्या मनात आलं. मग देवीपुढे एवढा गर्व बरा नाही म्हणून तिनं लगबगीनं तव्यावरचा रोट उलटला.

त्या वर्षीही एकही रोट करपला नाही. आबांनी दोन खाल्ले आणि तिसरा मागितला.

डॉक्टरांनी सांगितलं होतं की पहिली पाच वर्षं निघाली म्हणजे पुष्कळ. ती निघाली, त्यावरही काही निघाली. यशोदा वर्षातून एकदा जळगावला तपासून येते. धुळ्याला लग्नकार्याला गेली की मदिनेच्या घरी जाऊन हातभर बांगड्या भरून येते.

निंबाभाऊंनी मापाडीचं काम सोडलं आहे. घरामागच्या जागेत त्यांनी भरताची वांगी लावली आहेत, आणि आठवडी बाजाराच्या दिवशी ती विकायला ते स्वतः बसतात. काटा आपसूक थांबेपर्यंत वजन मात्र अजूनही पुकारत नाहीत.